पालप्यात बापूचा मीत

डेपोत आता मला 'फॉरेन रिटर्न' म्हणतात. कंडक्टर मंडळी तर मुद्दाम दोरी ओढून विचारतात, साहेब, विमान कुठं थांबवायचं. म्हणू देत. दोनच दिवसांचा असला तरी परदेश तो परदेश. तिथला राजा वेगळा, नोटा वेगळ्या, घड्याळसुद्धा आपल्यापेक्षा दहा मिनिटं पुढं. आणि तिथं जे बघितलं ते सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही, म्हणून लिहायला बसलोय. हात स्टिअरिंगवरचा आहे, लेखणीचा नाही, तेव्हा कुठं खड्ड्यात गेलो तर सांभाळून घ्या.

आधी हे सांगतो की सांगली डेपोचा डायव्हर नेपाळात गेलाच कसा. आमच्या पलूस-विट्याकडची निम्मी पोरं गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या धंद्यात, देशभर पांगलेली आहेत. कुठल्याही गावच्या सराफकट्ट्यावर जा, भट्टीसमोर आपल्याकडचा एकजण घाम पुसत बसलेला सापडेल. माझा मेव्हणा असाच गोरखपूरला. बहिणीला मुलगा झाला, बारशाला मामा पाहिजे, म्हणून मी रजा टाकली. आणि हे बापूच्या कानावर गेलं तसा तो घरी येऊन बसला. "गोरखपुरापास्नं नेपाळ किती लांब रं?" एवढंच विचारलं त्यानं. मी समजलो, हा गडी येणार.

बापू माझा शाळेपासूनचा जोडीदार. तो पलटणीत गेला, मी एसटीत. एकाहत्तरच्या लढाईत पूर्वेकडं त्याच्या उजव्या गुडघ्यात तोफगोळ्याचा तुकडा बसला आणि गुडघा कायमचा ताठ झाला. तेव्हापासून काठीनं चालतो, घरी आहे. ऊस आहे, स्वतःचं गुऱ्हाळ आहे, काही कमी नाही. तीन पोरं, तिन्ही पैलवान. मुलगी नाही. लक्ष्मीवहिनींना मुलीची इतकी हौस की धाकट्याला दोन वर्षांचा होईपर्यंत परकर नेसवून मिरवायच्या. बापू यावर कधी बोलायचा नाही, पण गल्लीतल्या कुणाच्याही लेकीची पाठवणी असली की हा कामाचं निमित्त काढून शिवारात निघून जायचा. डोळे पुसताना कुणी बघायला नको म्हणून, दुसरं काय.

तर जखमी झाल्यावर बापू कैक महिने लष्करी दवाखान्यात होता. शेजारच्या खाटेवर मानबहादूर नावाचा गुरखा हवालदार. त्याचे दोन्ही पंजे भाजलेले, बँडेजात गुंडाळलेले. ह्याला पाय नाही, त्याला हात नाहीत. मग बापू त्याला घास भरवायचा, आणि तो बापूसाठी पाणी आणायला, डॉक्टरला बोलवायला पळायचा. एका सकाळी मानबहादूरनं काय केलं, दोघांच्या कपाळाला टिळे लावायला लावले, बापूची पांढरी टोपी स्वतःच्या डोक्यावर घालून घेतली, स्वतःची रंगीत टोपी बापूला दिली, एकमेकांना एकेक नाणं द्यायला लावलं आणि म्हणाला, आजपासून आपण मीत. बापूनं मान डोलावली. दोस्ती केली म्हणतोय, चांगलं आहे, एवढंच त्याला कळलं. ती टोपी त्यानं ट्रंकेत जपून ठेवली आणि दर दिवाळीला दोघांची कार्डं जायची-यायची.

आता बापूच्या मनात एकच गोष्ट होती. गाडीत तो मला म्हणाला, "दवाखान्यात समदीच भाऊ भाऊ असत्यात गड्या. घराकडं गेल्यावर कोण कुणाचा? मला बगायचंय त्यो माजा हाय का न्हाई." एवढ्यासाठी हा माणूस ऐन गुऱ्हाळाच्या दिवसांत चुलवाण पोरांवर टाकून निघाला होता. येतोय म्हणून मानबहादूरला कार्ड आधीच टाकलेलं, आणि सोबत स्वतःच्या गुऱ्हाळातली गुळाची एक ढेप, पोत्यात शिवलेली. ती उचलून माझा खांदा गेला तो वेगळाच.

सोनौली

बारसं झालं, आणि शनिवारी पहाटेच्या गाडीनं नौतनवा, तिथून सायकल रिक्षानं सोनौली. मला वाटलं होतं परदेशाची हद्द म्हणजे तारा, बंदुका, शिक्के. छे. रस्त्यावर आडवा बांबू, एक टपरी, तिच्यात ऊन खात बसलेला शिपाई. बाया डोक्यावर भारे घेऊन इकडून तिकडं चाललेल्या, एक शेळी तर दोनदा परदेशी जाऊन आली. जतच्या पुढं गेल्यावर महाराष्ट्र कुठं संपला आणि कर्नाटक कुठं लागला हे जसं फक्त बोलण्यावरून कळतं, तसंच इथं.

शिपायानं आम्हाला सोडलं पण पोत्याला अडवलं. काय आहे? गूळ. एवढा? बापूनं चाकू काढला, पोत्याची शिवण उसवली आणि ढेपेचा एक खडा शिपायाच्या हातावर ठेवला. त्यानं तो तोंडात टाकला, डोळे मिटले आणि आणखी एक मागून घेतला. मग बांबू स्वतः वर केला, जसे काही आम्ही मोटारीत बसून चाललो होतो. बापूची छाती फुगली. आपल्या गुळाला परदेशात मान मिळाला म्हणून पुढं तासभर तो माझ्याशी ऐटीत बोलत होता.

बुटवल ते तानसेन

भैरहव्यापासून बुटवलपर्यंत रस्ता आपल्या मिरजेसारखा सपाट. आणि मग एकदम समोर डोंगर उभा राहतो. पायथा नाही, टेकाड नाही, काही नाही, सरळ भिंत. बस त्या भिंतीच्या फटीत शिरते. खाली नदी, वर कडा, मधे रस्ता.

मी पाटणवरून कुंभार्ली घाट वर्षानुवर्षं चढवतोय, उतरवतोय. कोयनेच्या खोऱ्यातल्या धुक्यात हेडलाइट लावून गाडी काढलीय. त्यामुळं मी आधी जरा तोऱ्यातच होतो. पण त्या पहाडी डायव्हरनं पहिल्या तीन वळणांत माझा तोरा उतरवला. पोरगेलासा, कानाला मफलर, आरशाला झेंडूची माळ, आणि हात असा हलका की गिअर बदललेला पोटाला कळत नव्हता. समोरून ट्रक आला की दोघं थांबायचे, एकमेकांकडं बघून हसायचे, आणि एकजण निमूट मागं घ्यायचा. आपल्याकडं असल्या जागी आधी आईबाप निघतात, मग गाडी मागं जाते. मी मनातल्या मनात त्याला सलाम केला. पाय मात्र ऐकेना. प्रत्येक वळणाला मी नसलेला ब्रेक दाबत होतो. समोरच्या म्हातारीच्या गाठोड्याचा पार चेंदामेंदा केला मी.

आणि मग जे व्हायला नको ते झालं. सांगली डेपोचा डायव्हर भर बसमध्ये ओकला. खिडकीबाहेर, पण ओकला. बापूला एवढं हसू आलं की त्याचा ताठ पाय सीटवरून घसरला. त्याच म्हातारीनं आपल्या गाठोड्यातून एक लिंबू काढलं, नखानं टोचलं आणि माझ्या नाकाशी धरलं. गाठोडं मी तुडवलं होतं आणि लिंबू तिनं मला दिलं. अशी माणसं. हे मी डेपोत कुणाला सांगितलेलं नाही, आता वाचतील आणि माझा जीव खातील.

तानसेन जवळ आलं तशी बापूनं पिशवीतून ती रंगीत टोपी काढली, झटकली आणि डोक्यावर घातली. लाल-काळ्या नक्षीची, पालप्यातल्या ढाका कापडाची. पालपा हा तो जिल्हा, तानसेन हे त्याचं मोठं गाव. मी म्हणालो, शोभतोयस. खिडकीच्या दांडीवर त्याची बोटं घट्ट झाली होती.

बस थांबली. स्टँडवर झुंबड. आणि त्या सगळ्या रंगीबेरंगी टोप्यांत एकच पांढरी टोपी, आपल्याकडची, कडक इस्त्री केलेली. मानबहादूर. बुटका, रुंद खांद्याचा, हसरे बारीक डोळे. पंजांवर भाजल्याच्या गुलाबी खुणा. कालपासून येणाऱ्या प्रत्येक बसला तो येऊन उभा राहत होता हे नंतर चहावाल्याकडून कळलं. दोघं एकमेकांकडं बघत उभे राहिले. कोणी मिठी मारेना. मग मानबहादूरनं दोन्ही हात जोडून कपाळाला लावले आणि बापूनं खाडकन सलाम ठोकला. मी आपला मधे पोतं घेऊन.

त्या स्टँडवर आणखी एक गोष्ट बघितली. एक म्हातारा आपल्या तरुण मुलीला सासरच्या बसमध्ये बसवायला आला होता. निघताना मुलगी त्याच्या पाया पडेल असं मला वाटलं. उलटंच झालं. त्या पिकल्या केसांच्या बापानं वाकून तिच्या पायांवर डोकं ठेवलं. मी मानबहादूरला विचारलं, हे काय. तो सहज म्हणाला, "बेटी है न. हमारे यहाँ बाप बेटी का पाँव छूता है, शादी में धोता भी है." मला गंमत वाटली. आपल्याकडं लग्नात भटजी सांगतात तेव्हा बाप पाय धुतो, पण ते जावयाचे, लेकीचे नाही. बापू मात्र बस वळणाआड जाईपर्यंत त्या म्हाताऱ्याकडं बघत राहिला.

मीताचं घर

तानसेन म्हणजे डोंगराच्या पाठीवर कलंडलेलं गाव. रस्ते दगडी फरशीचे आणि असे उभे की चालताना गुडघा छातीला लागतो. दोन्ही बाजूला विटांची उंच घरं, खिडक्यांना लाकडाची अशी कोरीव जाळी की आपल्या वाईच्या सुतारानंही बोट तोंडात घालावं. शनिवार असल्यानं शाळा-कचेऱ्या बंद. तिकडं सुट्टी शनिवारची, रविवारी सगळं चालू. दारादारांत बाया माग लावून ढाका विणत बसलेल्या. घाई कुणाला नाही, आणि घाण कुठं नाही.

मानबहादूरचं गाव त्याच्या खाली, उतरून जायला तासाभराची वाट. त्यानं आमची ढेप पट्ट्यानं कपाळाला अडकवून पाठीवर घेतली आणि निघाला. मोकळा असून मला त्याला गाठता येईना. बापूसाठी मात्र तो दर वळणावर थांबायचा. हात द्यायचा नाही, नुसता थांबायचा, बिडी पेटवल्यासारखं करायचा. बापूला कुणी हात दिलेला चालत नाही हे तो विसरला नव्हता. डोंगर वरपासून खालपर्यंत पायऱ्या पायऱ्यांनी कापलेला, एकेक वाफा आपल्या ओसरीएवढा, आणि त्यातसुद्धा मोहरी पिवळी झालेली. पाटणकडची माणसं डोंगर कसतात ते मला माहीत आहे. पण ह्या लोकांनी डोंगराला नांगरट शिकवलीय.

घर दुमजली, खालून तांबड्या मातीनं, वरून पांढऱ्या मातीनं सारवलेलं. वळचणीला मक्याच्या कणसांचे झुबके. दारात मानबहादूरची म्हातारी आई, तोंडभर सुरकुत्या. तिनं बापूच्या डोक्यावरून हात फिरवला, मग त्याचा ताठ गुडघा दोन्ही हातांनी चाचपला, एखाद्या आईनं चाचपावा तसा. बापूची मान खाली. त्याची स्वतःची आई तो पलटणीत असतानाच गेली होती.

मानबहादूरची बायको डोक्यावर पदर ओढून दोन हात लांबूनच नमस्कार करून आत गेली. आणि मग मुलगी आली, तुलसा. सोळा वर्षांची असेल, दोन वेण्या, तरतरीत. बापूला "मीतबा" म्हणाली आणि मला "काका". बापूनं खिशातून चुरगळलेल्या कागदातले शेंगदाण्याचे लाडू काढून दिले. वहिनींनी वाटेसाठी दिलेले, मला एकही न देता ह्यानं इथवर जपून आणले होते.

पहिला खटका मला जेवणाला बसला. थंडीमुळं तिथं दिवस मावळायच्या आत जेवतात. बापूला आत, अगदी चुलीजवळ पाट मांडला. मला बाहेर ओसरीवर. माझं टाळकं सरकलं. एवढ्या लांबून ओकत ओकत आलो आणि ही वागणूक? पण वाढायला लागले आणि राग टिकेना. तांदळाचा वाफाळता भात, उडदाची दाट डाळ, मुळ्याचं लोणचं आणि गुंद्रुक म्हणून वाळवून आंबवलेल्या पाल्याचं आंबट कालवण. चटणीत आपल्या कोकणातल्या तिरफळासारखं काहीतरी, जीभ बधिर करणारं. मी तीनदा भात घेतला. दार उघडंच होतं, आतलं सगळं दिसत होतं. बापू ताठ पाय लांब करून बसलेला. मानबहादूरची बायको त्याचं ताट जमिनीवर ठेवायची आणि मागं सरायची, हातात काही द्यायची नाही. बापूला वाटलं बाई नाराज आहे. आपण घरात अवघडल्यासारखं केलंय, काहीतरी गोड बोललं पाहिजे, असं त्याच्या मनानं घेतलं. हे त्यानं मला नंतर सांगितलं.

ढेप फोडली होती. म्हातारी खडा चघळत होती, तुलसा बोटं चाटत होती. सगळे खुशीत. आणि बापूनं आपल्याकडचा सगळ्यात मोठा मान दिला. मोडक्या हिंदीत म्हणाला, "मीत, ये लडकी मेरे को दे दे. मेरे बडे लडके के लिए. अपन समधी हो जायेंगे."

आता आपल्याकडं हे बोलणं किती साधं. घर आवडलं, माणूस आवडला की आपण सोयरिकीचीच भाषा करतो. पोरगी द्यायची-घ्यायची नसते, चहा पिताना दहा जणांना आपण व्याही करून टाकतो. समोरचा हसतो, घ्या की म्हणतो, झालं.

इथं कुणी हसलं नाही. मानबहादूरचा घास हातातच राहिला. तुलसा ताडकन उठून मागच्या दारानं गेली. म्हातारीला हिंदी येत नव्हतं, पण तिनं सुनेला विचारलं, सुनेनं कानात सांगितलं, आणि म्हातारीनं तोंडातला गूळ काढून चुलीत टाकला. मानबहादूर हळू आवाजात म्हणाला, "मीत, ये बात दोबारा मत बोलना." आणि हात धुवून बाहेर निघून गेला.

बापू ओसरीवर माझ्याशेजारी येऊन बसला. "काय चुकलं रं माजं?" मला तरी काय माहीत. गरिबाघरची पोरगी मागितली म्हणून अपमान वाटला असेल, जात आडवी आली असेल, मी आपले अंदाज सांगत राहिलो. बापूनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "सकाळी पयल्या गाडीनं जाऊ," म्हणाला, "बगायचं व्हतं ते बगून झालं."

रविवार

सकाळी उठून ओसरीवर आलो आणि दरी नव्हतीच. रात्रीत कुणीतरी तिच्यात दूध ओतून ठेवल्यासारखं धुकं काठोकाठ भरलं होतं, सपाट, पांढरं, न हलणारं. पलीकडचे डोंगर त्यातून बेटांसारखे वर आलेले. मी किती वेळ तसाच उभा होतो. बापू आत बॅग भरत होता, त्यानं वर बघितलंसुद्धा नाही.

मानबहादूर गोठ्यात म्हैस पिळत होता. मी जाऊन त्याच्याजवळ उकिडवा बसलो. मला धीर धरवत नाही, मनात काही राहिलं की पोटात दुखतं. मी सरळ विचारलं, माझ्या दोस्ताचं चुकलं काय ते सांग, मग आम्ही जातो.

त्यानं चरवी खाली ठेवली. त्याला वाटत होतं बापूला सगळं माहीत आहे. मीत म्हणजे दोस्त नव्हे, तो म्हणाला. टिळा लावून, टोप्या बदलून मीत केला की तो पाठचा भाऊच. म्हणून त्याचं ताट चुलीजवळ, तुमचं बाहेर. तुम्ही पाहुणे, तो घरचा. त्याच्या समोर माझी बायको पदर घेणार, लांब राहणार, कारण तो तिला थोरल्या दिरासारखा. मीत मेला तर सुतक धरायचं. आणि त्याची मुलं ती आपली मुलं, सात पिढ्या त्यांच्यात लग्न नाही. तुलसा त्याला मीतबा म्हणाली, ते बापाला म्हणतात तसं. "उसने अपनी ही बेटी को बहू बोला, डायवर साहेब. मैं फौज में रहा, मैं समझता है कि मुलुक मुलुक का रिवाज अलग है. मगर मेरी माँ कैसे समझेगी?" आणि एकदा मोडलेलं मीतपण पुन्हा जोडता येत नाही, हेही त्यानं सांगितलं. सांगताना तो माझ्याकडं नाही, म्हशीकडं बघत होता.

मी त्याला आपल्याकडची रीत सांगितली. व्याही म्हणणं म्हणजे आमचा केवढा मान ते सांगितलं. तो जरासा हसला, पण लगेच घराकडं बघितलं. म्हातारी सकाळपासून बाहेर आली नव्हती.

मी धावतच ओसरीवर आलो. बापू बॅगेला दोरी बांधत होता. मी सगळं सांगितलं, मधे श्वाससुद्धा न घेता. त्याचे हात थांबले.

"म्हंजे ती माजी लेक हाय?" तो म्हणाला.

"व्हय," मी म्हणालो.

"इतकी वर्सं मला लेक हाय, आन मला ठावं न्हाई?" त्याचा आवाज फुटला. ह्या माणसाला मी जखमी झाल्यावर दवाखान्यात भेटलो होतो तेव्हासुद्धा त्याचा आवाज फुटला नव्हता.

तेवढ्यात तुलसा दप्तर घेऊन बाहेर आली. रविवार, म्हणजे तिची शाळा. आमच्याकडं न बघता, मान खाली घालून ती अंगण ओलांडायला लागली. बापूनं हाक मारली, "बेटी." ती थांबली.

बापू अंगणात उतरला. खिशातली टोपी काढून नीट डोक्यावर बसवली. काठी माझ्याकडं दिली. वाकायला गेला, पण गुडघा वाकेना. देवळातसुद्धा तो उभ्यानंच हात जोडतो, हे सगळ्या गावाला माहीत आहे. मी पुढं झालो तर त्यानं मला डोळ्यांनीच मागं सारलं. मग तो हात टेकत टेकत त्या सारवलेल्या अंगणात बसला, ताठ पाय एका बाजूला लांब केला, आणि एवढा उंचापुरा माणूस, पिळदार मिशांचा, पुढं झुकून त्यानं त्या पोरीच्या पायांवर कपाळ ठेवलं. ठेवलं ते ठेवलंच. उठेना. त्याची पाठ हलत होती. ती पोरगीही रडायला लागली, पण पाय मागं घेतले नाहीत. मानबहादूर गोठ्याच्या दारात चरवी घेऊन तसाच उभा.

मग म्हातारी आली. हातात ताट, ताटात दही-तांदूळ कालवलेला लाल टिळा. ती बापूसमोर मातीत बसली. त्याच्या कपाळावर, ह्या भुवईपासून त्या भुवईपर्यंत तिनं तो टिळा थापला, आणि काहीतरी बोलली. मानबहादूर चरवी ठेवून पुढं आला. "माँ पूछती है," तो म्हणाला, "इसकी शादी में पाँव धोने तू आएगा कि नहीं, वो अभी बोल."

बापू नुसती मान हलवत राहिला. म्हातारीनं कालच्या ढेपेतला एक खडा उचलला, आधी त्याच्या तोंडात घातला आणि मग स्वतःच्या.

वर चढताना तुलसा आमच्याबरोबर होती. बापूची काठी तिच्या हातात आणि बापूचा हात तिच्या खांद्यावर. ह्याच बापूला मी उभ्या जन्मात कुणाचा आधार घेताना बघितलं नव्हतं. तानसेनच्या वरच्या अंगाला पोचलो तेव्हा धुकं विरलं आणि उत्तरेला हिमालय दिसला. या टोकापासून त्या टोकापर्यंत, ढगांच्याही वर, पांढराशुभ्र. लोक ह्याच्यासाठी मुद्दाम येतात म्हणे. मी तर बघतच राहिलो. बापूला म्हणालो, बघ रे. तो म्हणाला, बगतोय की. पण तो शाळेच्या फाटकात शिरणाऱ्या दोन वेण्यांकडं बघत होता.

घरी

परतीच्या बसमध्ये मी लिंबू आधीच घेऊन बसलो होतो. मानबहादूरच्या बायकोनं वहिनींसाठी तुलसानं विणलेल्या ढाका कापडाचा तुकडा दिला होता, तो बापूनं गोरखपूरपासून सांगलीपर्यंत मांडीवरून खाली ठेवला नाही.

मागच्या महिन्यात बापूच्या थोरल्याला बघायला तासगावकडचे पाहुणे आले होते. मीही होतो, असल्या वेळी बापूला बाजूला मी लागतोच. वहिनी चहा घेऊन आल्या, अंगात त्याच लाल-काळ्या नक्षीची चोळी. पाहुण्यांतल्या म्हाताऱ्यानं रीतीप्रमाणं जमीन विचारली, पाणी विचारलं, मग विचारलं, आवं, मुलं किती तुम्हाला.

"तीन पोरं," बापू म्हणाला, "आन एक लेक."

म्हातारा जरा गोंधळला. त्यानं बाहेरून चौकशी करून आणलेली असणार. लेक कुठं दिसली नाही म्हणाला. मी काहीतरी सांगायला तोंड उघडलं, तर दारातून वहिनीच बोलल्या.

"तिच्या आज्जीपाशी आसती ती," त्या म्हणाल्या. "लांब हाय जरा."